केस

नाव दिगंबर. वाडीच्या दत्ताला नवस बोलून झालेलो,
म्हणून.
आणि उभ्या आयुष्यात दिव्याखाली
एकदाही उघडा झालो नाही.
कुमुदने तेहेतीस वर्षं
अंधारालाच माझा सदरा मानलं.

आज लीड्समध्ये, चौथ्या मजल्यावर,
निळ्या कागदी चादरीवर पडून
सहा माणसांना दाखवतो आहे.
मिस्टर गारसाइड हात थंड असल्याची माफी मागतात,
मग हातमोजे घालतात.
खिडकीत एक क्रेन, काही न उचलता वळणारी.

जन्मतःच छिद्र जागेवर नव्हतं.
आईने कुणाला सांगितलं नाही. मलासुद्धा.
शाळेमागच्या भिंतीशी पोरं रांगेत उभी राहून
कुणाची धार उंच जाते ते बघायची,
मी दप्तरं सांभाळायचो.
त्यांनी मला जे नाव ठेवलं
ते दत्ताने ठेवलेल्यापेक्षा जास्त चाललं.

नवव्या वर्षी मिरजेला नेलं.
तिथल्या डॉक्टरांनी जवळचीच कातडी वळवून,
सुरळीच्या वडीसारखी गुंडाळून
एक वाट करून दिली.
त्या काळी जेवढं येत होतं ते त्यांनी मन लावून केलं.
इस्पितळामागच्या एरंडाला
मी आठवडाभर उभ्याने पाणी घातलं.
आई लांब उभी, तोंडाला पदर,
रडते की हसते, कळेना.

पण कातडी विसरत नाही आपण कुठली.
सोळाव्या वर्षी ओठावर मिसरूड,
आणि आत, त्या वाटेत, केस.
काळोखात, पाण्याखाली, शेवाळासारखे.
पुढे हॅलिफॅक्सच्या गालिच्यांच्या कारखान्यात
दिवसभर लोकरीच्या गाठी तपासायचो
आणि मुतारीच्या बंद दाराआड
दात आवळून उभा राहायचो.
दोनदा दुर्बीण घालून काढले, पुन्हा आले.
खडे झाले. ताप आले.
गेल्या नोव्हेंबरात एक गाठ, ज्वारीच्या दाण्याएवढी.
लपवायची सवय हो.
नाताळात ती हरभऱ्याएवढी होती.

‘त्वचेचा कॅन्सर,’ मिस्टर गारसाइड म्हणाले,
‘पण जिथे त्वचाच नसायला हवी, तिथे.
तीस वर्षांत मी एकही पाहिला नव्हता.’
आवाजात वाईट वाटणं होतं, खरं होतं,
आणि त्याच्या तळाशी
कुतूहलाची बारीकशी ठिणगी.
राग नाही आला.
गालिच्यात अनोळखी गाठ सापडली की
मीही असाच वाकायचो.

कुमुदने विचारलं, दुर्मीळ म्हणजे किती?
ते म्हणाले, लाखात एकाहूनही कमी.
आणि मला भर दवाखान्यात
आई ऐकू आली, शेजारणीला सांगणारी:
लाखात एक आहे हो माझा दिगू.

कापणार आहेत. किती, ते उघडल्यावर ठरेल.
पोटावर लावायची पिशवी
शिवॉन नावाच्या नर्सने दाखवली, मऊ, गव्हाच्या पिठाच्या रंगाची.
तुमच्या रंगाची मिळत नाही, म्हणाली,
आणि स्वतःच लाजली.

मग डॉक्टर ओलामिडे कागद घेऊन आल्या.
मुलीच्या वयाच्या. खुर्ची ओढून बसल्या,
उभ्या राहून बोलल्या नाहीत.
ही केस छापायची आहे.
नाव नसेल, चेहरा नसेल.
फोटो फक्त त्या भागाचा.

कुमुद माझ्याकडे बघेना.
एकसष्ट वर्षं झाकलेलं,
परगावच्या, परमुलखातल्या माणसांनी
चहा पितापिता पाहायचं.
आधी वाच तरी नीट, ती म्हणाली.

चष्मा लावला. पहिल्याच ओळीत होतं:
एकसष्ट वर्षांचा पुरुष.
तेवढंच दोनदा वाचलं.
पुढचं, कुठे, केवढी, कोणत्या पेशींची,
ते त्यांना माहीत.

सही करायला घेतली तर पेन चालेना.
कुमुदने पर्समधून आपलं काढून दिलं.